डाव्या बाजूची स्प्रिंग

हे गेल्यावर चार महिने आमची गाडी रोह्यात अंगणात उभी होती. हे म्हणजे माझा नवरा. झोपेतच गेले, गाडीचा त्यात काही दोष नाही. मला चालवता येत नाही, म्हणून विकायला काढली. त्या चार महिन्यांत मी एकदाही रडले नव्हते. लोकांना ते खटकत होतं, मला तेही खटकत नव्हतं.

घेणारा कुवेतहून परतलेला, पलीकडच्या मोहल्ल्यातला. घरात लहानमोठी आठ माणसं. पेणच्या ओळखीच्या मिस्त्रीकडून तपासून घेऊ म्हणाला. सह्या लागतील म्हणून मीही गेले.

मिस्त्रीने गाडी वर उचलली आणि खाली शिरून बॅटरी मारत बघत राहिला. "ताई, हे कंपनीचं नाय," म्हणाला. कंपनीच्या स्प्रिंगवर रंगाच्या खुणा असतात, नंबर असतो. हिच्यावर काहीच नव्हतं. पुढचे शॉकअप जाडे, ब्रेकचे रबरी पाइप लांब, पॅडही बाहेरचे, सावकाश धरणारे. मला वाटलं, ह्यांना कुणीतरी गंडवलं. गंडायचेच ते, आंब्याच्या पेटीतसुद्धा.

मग त्याने दोन्हीकडच्या स्प्रिंगा बोटांनी चाचपल्या. "डावीकडची तार उजवीपेक्षा बारीक हाय. मऊ. असं कोणी करत नाय, गाडी कलते. डावीकडं कोण बसायचं?"

"मी," म्हटलं.

माझ्या मणक्याच्या ऑपरेशननंतर आम्ही दर आठवड्याला व्यायामासाठी पेणला यायचो. पहिल्या काही खेपांना मी वाटभर विव्हळत यायचे. मग एकाएकी रस्ता सुधारला. आमच्याकडे ह्या महामार्गाला कुणी चांगलं म्हणत नाही, मी म्हणायला लागले. नणंदेशी त्यावरून भांडलेसुद्धा, म्हटलं, लोकांना नावं ठेवायची सवयच आहे. खड्ड्यांवरून तासभर तोंड सोडणारा माझा नवरा तेव्हा नुसता "हं" म्हणायचा. दोन वर्षं "हं".

मिस्त्री घेणाऱ्याला म्हणाला, "आठ माणसं भरून ब्रेक मारलात तर ही डावीकडं बसंल. पोरं नका बसवू हिच्यात."

घेणारा माझ्याकडे बघत होता. "राहू दे, भाभी. आम्ही दुसरी बघतो."

घरी माळ्यावर गोणपाटात काही लोखंड बांधून ठेवलेलं होतं. मी ते भंगारात देणार होते. ते काय होतं ते आता कळलं. "कंपनीचे भाग घरी आहेत," मी सांगितलं. "बदला." सांगताना काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं फक्त कळत होतं.

आठवड्याने भाग बसले. पेणहून परतताना गाडी घेणारा चालवत होता. त्याची बायको मागे बसली आणि मला आग्रहाने पुढे, डावीकडे बसवलं. कासू गाव मागे पडल्यावर पहिला खड्डा लागला. कळ कंबरेतून थेट मानेत गेली.

"रस्ता खराब हाय, भाभी," तो ओशाळून म्हणाला आणि गाडी हळू घेतली.

"हो," मी म्हटलं. "होताच."

मग मला रडू आलं. त्याची बायको मागून पाण्याची बाटली पुढे करत राहिली, आणि मी नागोठण्यापर्यंत रडत होते.