कॅमेऱ्यामागच्या बाई

"आधी विचारलंस का?"

मी कॅमेरा खांद्यावर घेतला रे घेतला की हा प्रश्न यायचा, आणि प्रश्नाच्याही आधी तळहात यायचा. लेन्ससमोर, सरळ आडवा. व्ह्यूफाइंडरमधली माणसं जाऊन बाईंच्या हातावरच्या रेषा दिसायला लागायच्या. बाईंचा चेहरा आता मला नीटसा आठवत नाही, पण तो हात शंभर हातांत ओळखेन. अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग आणि मनगटावर मोठ्या डायलचं पुरुषी घड्याळ.

तुम्ही त्या काळी डहाणूत असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. नरपडहून सायकलवर यायच्या, सायकल माझ्या दुकानाशी टेकवायच्या आणि तलासरीची एस.टी. का आली नाही म्हणून कंट्रोलरशी भांडायच्या. रेल्वेतल्या साहेबाची मुलगी, मुंबईत शिकलेली, आणि पाड्यापाड्यांवर माहितीपट काढत हिंडते, हे आमच्या गावाला मोठं कोडं होतं. "काहीतरी बिनसलं असणार," असं आमची ही म्हणायची. बिनसलं काही नव्हतं. बाईंनी ठरवलं होतं, एवढंच.

माझा स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, व्हिडिओचं वेड नवं होतं आणि चिंचणीपासून नरपडपर्यंत लग्न म्हटलं की मी असायचोच. बाईंना कॅमेरा हवा होता. कॅमेऱ्याबरोबर मी आलो, हे त्यांनी गोड मानून घेतलं.

लग्नाच्या कॅमेरामनला वाईट खोडी असतात. आधी मोठ्या माणसाकडे वळायचं, मग दागिन्यांवर झूम मारायचा. आणि हार घालताना फोकस चुकला की मांडवभर ऐकू जाईल असं ओरडायचं, "परत एकदा!" मग नवरा बिचारा मुकाट्याने हार काढून घेतो आणि नवरी पुन्हा घालते. पहिल्या दोन खोडी बाईंनी महिन्याभरात मोडल्या. तिसरी राहिली.

बाईंचे स्वतःचे नियमही कडक होते. ज्यांचं चित्रण केलं, त्यांना ते सगळ्यांच्या आधी दाखवायचं. त्यांनी काढून टाक म्हटलं की काढून टाकायचं. एका पाड्यावर एक माणूस रडता रडता बोलला होता, माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला शॉट. त्याची बायको म्हणाली, "ह्ये नको." बाईंनी तो तिच्यादेखत पुसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रडणं त्याचं आहे, तुझं नाही," बाई म्हणाल्या. आणि दुसरा नियम, आपण फ्रेममध्ये यायचं नाही. आवाजसुद्धा नाही. "आपण पाहुणे. पाहुण्यांनी कडेला बसावं."

आता लाडकीआजीची गोष्ट सांगतो. तलासरीकडच्या एका वारली पाड्यावर ही आजी राहायची. जंगलाच्या जमिनीतल्या तुकड्याला तिकडे प्लॉट म्हणतात. आजीचा प्लॉट तिच्या सासऱ्याने कसला, नवऱ्याने कसला, आता ती कसत होती. फक्त कागद नव्हता. पाड्याने कागदासाठी दोनदा अर्ज दिले होते आणि दोन्ही वेळा उत्तर आलं, तुमचा अर्ज आलाच नाही. कारण अर्जाची पोच कोणी दिली नव्हती. पोच म्हणजे काय, तर नकलेवरचा एक शिक्का. पण तो नसेल तर तुम्ही कचेरीत गेलाच नव्हता. आता अर्जांची मुदत संपायला चार दिवस होते. तिसरा अर्जही हरवला तर पाड्याची जमीन गेल्यातच जमा होती.

कचेरी कुठली ते सांगत नाही. साहेब आता निवृत्त आहेत, नातवंडांत रमले असतील. बाईंनी त्यांना सकाळीच विचारलं होतं. "घ्या, घ्या शूटिंग," म्हणाले आणि विसरून गेले. मी कोपऱ्यात कॅमेरा घेऊन उभा होतो, मध्ये वीसेक बायामाणसं. लाडकीआजीने अर्ज पुढे केला. साहेबांनी पेपरातून मान वर न काढता तो घेतला आणि चहाच्या बशीखाली ठेवला.

"साहेब, पोच," आजी म्हणाली.

"क्लार्क जेवायला गेलाय. नंतर या."

संपलं. माणसं वळायला लागली. आणि माझ्या लक्षात आलं की माझा फोकस सगळा वेळ टेबलफॅनवर होता. साहेब पुसट. तोंडातून कधी निघालं कळलंच नाही.

"परत एकदा! आजी, अर्ज परत घ्या. साहेब, जरा इकडे बघा!"

साहेबांना कॅमेरा दिसला. हात आधी केसांवर गेला, मग बुशशर्टच्या बटणांवर. आजीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे बशीखालून अर्ज ओढून घेतला. पुन्हा पुढे केला. साहेब चक्क उभे राहिले. दोन्ही हातांनी अर्ज घेतला, वाचला, मान डोलावली.

"आन् पोच," आजी म्हणाली.

आता नाही कसं म्हणणार? ड्रॉवरमधून शिक्का निघाला. शाईचं पॅड मात्र क्लार्कच्या टेबलावर, हाताला लागेना. "पॅड नाही हो," साहेब सुटकेच्या स्वरात म्हणाले. तेवढ्यात फ्रेमच्या डाव्या कडेने एक हात आत आला, पॅड पुढे सरकवलं आणि गेला. ठप्. शिक्का बसला.

मला वाटलं, बाई पाठ थोपटतील. परतीच्या एस.टी.त त्यांनी दोघांची तिकिटं काढली. मग म्हणाल्या, "तू कचेरीत लग्न लावलंस."

"पण पोच मिळाली ना?"

"पोच पाड्याची. फिल्मचं वेगळं. खरं एकदाच होतं रे, दुसऱ्यांदा होतं ते नाटक. पहिलं ठेवायचं."

"बाई, पहिलं पुसट आहे!"

"पुसट तर पुसट."

रविवारी पाड्यावरच्या शाळेत खिडक्यांना गोणपाटं लावून, माझ्या जनरेटरवर टीव्ही लावला. साहेब पेपर वाचताना लोक गप्प होते. साहेब उठून उभे राहिले आणि हशा पिकला. बाईंनी सांगितलं, की हा दुसरा भाग त्या काढून टाकणार आहेत.

"कशाला?" लाडकीआजी म्हणाली. "दोनी ठेव. पयला सायेब आमचा, दुसरा क्यामेऱ्याचा. आमाला दोनी भेटले."

"आजी, माझा हात आलाय त्यात."

"मंग? पॅड काय चालत आला?"

दोन्ही भाग राहिले. पुढे मुंबईत कोणी मोठ्या माणसाने सांगितलं, पुसट भाग काढून टाका, मग दाखवू. बाई म्हणाल्या, "पाड्याला विचारून सांगते." पाडा नाही म्हणाला, म्हणून मुंबईत ती फिल्म लागली नाही. बाई ती घेऊन पाच-सहा वर्षं पाडे पालथे घालत राहिल्या, एस.टी.च्या टपावर माझा टीव्ही बांधून. जिथे फिल्म लागली तिथली माणसं पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलेनाशी झाली. लाडकीआजीच्या पाड्याचा वाद बरीच वर्षं चालला, पण अर्ज आलाच नाही असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही. जमीन राहिली. ती तिथे नाचणी लावत होती.

मग बाईंना खोकला जडला. भाऊ येऊन पुण्याला घेऊन गेला. दोन पत्रं आली, दोन्हींत माझ्या फोकसची चौकशी. तिसरं पत्र भावाचं होतं.

बातमी सांगायला मी पाड्यावर गेलो तेव्हा टीव्ही बरोबर नेला. लाडकीआजी म्हणाली, "बाय दाखव आमाला." आणि मी ओशाळलो. फोटो स्टुडिओचा मालक मी, इतकी वर्षं बरोबर हिंडलो आणि माझ्याकडे बाईंचा एक फोटो नव्हता. त्यांनी कधी काढूच दिला नाही.

मी ती फिल्म लावली. साहेब उभे राहिले. या खेपेला कोणी हसलं नाही. डाव्या कडेने हात आला, मनगटावर मोठं घड्याळ, अंगठ्याजवळ तो डाग. पॅड सरकवलं आणि गेला. लाडकीआजी उठून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसली.

"परत एकदा," ती म्हणाली.

मी टेप मागे नेली.