उशिरा बांधलेला दुपट्टा

सुट्टीच्या दिवशी नवेगाव बांधच्या तळ्यावर मोटारबोटीसाठी खूप गर्दी असते. तळ्यात पलीकडे झाडांनी भरलेलं एक बेट आहे, तिकडे मात्र सहसा कोणी जात नाही. जायचंच असेल तर मासे धरणाऱ्या एखाद्या ढिवराचा वल्हवायचा डोंगा ठरवावा लागतो. तो माणसाला बेटावर सोडून परत जातो आणि काठच्या झाडाला फडकं बांधलेलं दिसेपर्यंत घ्यायला येत नाही. मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांची ही जुनी सोय. मला ती ठाऊक होती, माझ्या थोरल्या भावाला नव्हती.

वहिनी गेल्यावर भावाने आमचं गाव, दवनीवाडा, सोडून मुलाकडे नागपूरला राहायचं ठरवलं. आम्ही दोघे जन्मभर एकाच अंगणात राहिलो. मी विषय काढला की तो उठायचा. कधी म्हशीला पाणी दाखवायचं असायचं, कधी धानाला. मग मला वाटलं, जिथून उठून जाताच येणार नाही अशा जागी याला न्यावं.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सगळे नवेगाव बांधला गेलो. पुतण्या मुलांना घेऊन बोटीच्या रांगेत राहिला. मी डोंगेवाल्याला बाजूला घेऊन, खांद्यावरचा दुपट्टा दाखवून बजावलं, "दुपट्टा दिसल्याबिगर येजो नको." तो हसला. "बरं, काकाजी."

बेटावर शांतता होती. पाणकावळे सोडले तर कोणी नाही. मी भावाला म्हटलं, "कायले जाऊन राहिला नागपूरले? काय कमी हाये घरी?"

तो काठापर्यंत गेला आणि परत आला. "डोंगा कवा येते?"

"येते. तू बोल आधी."

"हेच तं हाये तुझं. तू इचारत नाईस, अडवतेस."

त्याने माझ्याकडे पाठ केली. दुपार कलली. डबा गाडीत राहिला होता आणि भावाने सकाळी साखर कमी करायची गोळी घेतलेली. त्याच्या कपाळावर घाम आला, हात थरथरायला लागले. दुपट्टा माझ्या खांद्यावरच होता. पण तो बांधताच डोंगा आला असता, आणि डोंगा इतका वेळ का आला नाही हे भावाला कळलं असतं. लोकांना सांगायला बरं पडावं म्हणून मी इथे काही सौम्य करणार नाही. भाऊ झाडाला टेकून खाली बसला, तरी मी थांबलो. त्याची मान कलली, तेव्हा बांधला.

डोंगा लगेच निघाला. तो माणूस सारा वेळ इकडेच बघत होता.

काठावर आल्यावर पोरांच्या पिशवीतला पेढा भावाच्या तोंडात घातला. थोड्या वेळाने त्याला हुशारी आली. तोवर पुतण्याने डोंगेवाल्याच्या कानाखाली वाजवली होती, साऱ्या गर्दीसमोर. "बुड्ढे लोगों को छोड़ के भूल गया क्या बे?"

डोंगेवाल्याने गाल धरून माझ्याकडे पाहिलं. मी भावाचे पाय चोळत राहिलो.

तेव्हापासून त्याच्या डोंग्यात कोणी बसेना. आणि मी? मी भावाचा जीव वाचवणारा ठरलो. लग्नाकार्यात पोरं मला घेरून म्हणायची, "आजोबा, दुपट्टा बांधून जीव कसा वाचवला ते सांगा ना!" मी सांगायचो. नाही सांगितलं तर दुसरं कोणी माझ्यादेखत सांगायचं, आणखी रंगवून. त्या गोष्टीतून मला बाहेर पडता येईना. पुतण्याला फोनवर खरं सांगितलं तर तो हसला, "काका, काहीही काय!" शेवटी डोंगेवाल्याकडे गेलो. तो जाळं विणत होता. मान वर न करता म्हणाला, "मले सांगून काय होते? ज्यानं मारलं थ्याले सांगा. जिथं मारलं तिथं."

या उन्हाळ्यात मी भावाला आणि पुतण्याला तिथेच नेलं. रांगेतली माणसं ऐकत असताना सगळं सांगितलं. पुतण्या माझ्याकडे बघेना. मग त्याने बूट काढले, डोंगेवाल्यापाशी जाऊन हात जोडले. डोंगेवाला म्हणाला, "बसा."

भाऊ आधीच डोंग्यात जाऊन बसला होता. या वेळी मांडीवर डबा घेऊन. मी पाय उचलला तसा ओरडला, "तू कुठं? तू काठावर राय. दुपट्टा दे इकडं. दिसल तवा डोंगा धाडजो."

"कवा दिसल?"

"पाहीन."

पुतण्याने डोंगा ढकलला आणि उडी मारून आत बसला. त्यांना सोडून डोंगेवाला परत आला, माझ्याशेजारी बसला. ऊन चढलं. झाडावर काही दिसेना. मला उठताही येईना. रांगेतला एक माणूस बायकोमुलांना घेऊन आमच्याकडे आला. "भैया, बेटावर नेता का?"

"नेतो," डोंगेवाला म्हणाला. मग माझ्याकडे बोट दाखवलं. "पन आधी यांचा भाऊ दुपट्टा बांधून यांले सोडल, तवा."