पावसाळ्याचं मीठ

परवा फोनवर तुम्ही दोघं एकमेकांचं बोलणं तोडत सांगत होता, की तिकडच्या दुकानांत फळ्याच्या फळ्या रिकाम्या आहेत आणि साथीच्या भीतीनं लोक कागदाचे रोल गाड्या भरभरून नेत आहेत. मग धाकटीनं विचारलं, "आजी, तूही घर भरूनच ठेवतेस की. मग तू आणि ते लोक सारखेच ना?" फोनवर मी नुसती हसले. तुमची आई मध्येच विषय बदलते, म्हणून उत्तर लिहून पाठवते आहे.

ऐंशीच्या दशकात तुमच्या आजोबांची बदली आलापल्लीच्याही पुढे, नदीपलीकडच्या एका गावात झाली. ते वनखात्याच्या कार्यालयात होते. मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, तेव्हा मला तिथल्या आश्रमशाळेत शिकवायचं काम मिळालं. तुमची आई तेव्हा जेमतेम बालवाडीच्या वयाची. आम्ही सरकारी क्वार्टरच्या लाइनीत राहत होतो. एकाला एक चिकटलेली घरं, पुढे एकच लांब ओसरी. नदीवर पूल नव्हता, बुटका रपटा होता. पाऊस लागला की रपटा पाण्याखाली जाई. बस बंद, टपाल बंद, मोठा दवाखाना पलीकडे. ऊन पडलं की कधीतरी डोंगा चाले, पण त्याच्या भरवशावर घर चालवता येत नसे.

म्हणून उन्हाळ्यातच चार महिन्यांची बेगमी करायची. ही पद्धत मला माझ्या आधी तिथे राहिलेल्या बाईंनी समजावून दिली. गावात किराणा दुकान एकच. मालक सिरोंचाकडचे, घरी तेलुगू बोलणारे. सगळे त्यांना सेठ म्हणत. चैत्र संपायच्या आत प्रत्येक नोकरदारानं सेठना सांगायचं, की आम्हाला इतकं तेल, इतकी डाळ, इतकं मीठ. त्या हिशेबानं ते चंद्रपुराहून ट्रक भरून आणत. ज्याचं त्याला पोहोचलं की उरलेला माल दुकानात राही, आणि पाऊस लागल्यावर तो माल टोल्यांवरच्या, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्त्यांवरच्या लोकांचा. असा काही नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे तो पाळत. टोल्यांवरची माणसं चार महिन्यांचं एकदम घेत नसत. चारोळी, मोह, डिंक घेऊन येत आणि त्या बदल्यात आठवड्याचं मीठ, तेल, तंबाखू नेत. नोकरदाराच्या बायकोनं श्रावणात दुकानात जाऊन मीठ मागितलं, तर सेठ देत, पण कपाळाला आठी घालून.

मी तांदूळ बांबूच्या ढोलीत ठेवी, वर कडुलिंबाचा पाला. लाखोळीची डाळ ऊन देऊन डब्यात. जवसाचं तेल, रॉकेल, माचिस, गूळ, वाळवलेल्या वड्या. खडेमीठ मातीच्या मोठ्या बरणीत, आणि बरणी चुलीच्या बाजूला फळीवर. त्या हवेत मीठ जमिनीवर ठेवलं तर राहत नाही.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी शेजारच्या क्वार्टरमध्ये नवं जोडपं आलं. नवरा कार्यालयात कारकून. ती कोरपन्याकडची, हसरी, बोलकी, कडेवर काही महिन्यांचा मुलगा. त्यांचं सामान आलं त्याच दिवशी माझी बेगमी घरात लावणं चाललं होतं. ती दाराशी उभी राहून पाहत होती.

"बाई, दुकान टाकून राह्यल्या का काय?"

"तसंच समज."

"एवढं मीठ! माणसं खाते का ढोरं?"

"सेठच्या ट्रकची एक खेप अजून बाकी आहे. आजच जाऊन सांग त्यांना."

"सांगन ना. घाई काय हाये? आमच्या गावाले तं बाजार दारात येते."

तिनं सांगितलं नाही. पहिल्या पावसाळ्यात कुणी सांगत नाही.

लाइनीला सरपण एक गोंड बाई आणून देई. नाल्यापलीकडच्या टोल्यावर राहायची. डोक्यावर मोळी आणि पाठीशी बांधलेलं मूल. तेही शेजारणीच्या मुलाएवढंच. मोळी टाकली की ती शेजारणीच्या पायरीवर टेकायची आणि दोघी आपापली पोरं शेजारी शेजारी बसवायच्या. एकीला मराठी थोडं, दुसरीला गोंडी अजिबात नाही, तरी त्यांचं जमे.

"पाह्य वं, माह्या पोराले दात येऊन राह्यला," शेजारीण बोट दाखवून म्हणायची. "तुह्यावाला अजून बोळकाच हाये." मोळीवाली आपल्या मुलाचा ओठ उचलून पाही आणि खूप हसे.

पाऊस लागला, रपटा बुडाला आणि थोड्याच दिवसांनी वरच्या अंगाच्या गावांतून हगवणीची बातमी आली. माणसं उलट्या-जुलाबांनी दोन दिवसांत जात होती. आमच्या उपकेंद्रात एक नर्सबाई होत्या, वडशाकडच्या, आवाज खणखणीत. त्यांनी विहिरीत औषध टाकलं आणि सगळ्या बायकांना कार्यालयाच्या ओसरीवर बोलावलं. एका पितळी गुंडात उकळून गार केलेलं पाणी घेतलं, साखर घातली, चिमटीनं मीठ घातलं, चव पाहायला लावली. म्हणाल्या, "हेच औषध हाये. याच्या तयार पुड्या माह्यापाशी थोड्याच हायेत. जुलाब लागले तं हे पाजत राहा, पाजत राहा. थांबू नका."

त्यांचं बोलणं अगदी बरोबर होतं. पण घरी जाता जाता लाइनीतल्या बायकांनी त्यातून एवढंच उचललं, की मीठ आणि साखर म्हणजे औषध, आणि औषध दुकानात थोडंच आहे. संध्याकाळपर्यंत नवरे दुकानावर. ज्यांच्या घरी उन्हाळ्याचं भरलेलं होतं, तेसुद्धा. शेजारणीचा नवरा मेणकापड पांघरून डोक्यावर मिठाचं पोतं घेऊन आला, मागून ती साखरेची पिशवी पदराखाली झाकून. तुमचे आजोबा खिडकीतून पाहत होते.

"आपणही थोडं घ्यावं का?" ते म्हणाले.

"कशाला? बरणी भरलेली आहे."

"सगळे घेताहेत."

"म्हणूनच आता दुकानात नसेल," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना पाहिलं, तर सेठ रिकाम्या कट्ट्यावर बसून टोल्यावरच्या माणसांना परत पाठवत होते. चारोळीची गाठोडी घेऊन भिजत आलेली माणसं. "उप्पू लेदू," सेठ म्हणत होते. "मीठ नाही. सगळं संपलं. लाइनीत जाऊन विचारा."

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी नर्सबाई लाइनीत आल्या. पहिल्या घरापासून दार वाजवत. मी ओसरीवर तुमच्या आईची वेणी घालत होते, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. टोल्यावर एक बाई आजारी आहे, पुड्या संपल्या, मीठ-साखर द्या. आणि दारोदार तेच उत्तर. शेजारणीच्या दारातही.

"नाई जी, आमची बी सरली."

नर्सबाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जावा असा. "सकाळपासून हिंडून राह्यली मी. सगळ्याइच्या घरी पोते आले न सगळ्याइचं मीठ सरलं! एवढं मीठ खाल्लं कसं लोकाइनं?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमची मोळीवाली हाये, बाई. डोळे खोल गेले तिचे. पाजत राह्यलं तं वाचन. नाई तं नाई."

मी साखरेचा डबा अर्धा ओतून दिला आणि मिठाची बरणी पुढे केली. अर्धा, कारण घरात लहान मूल होतं आणि साथ आमच्या दारातही येऊ शकत होती. त्यात मला तेव्हाही काही चूक वाटली नाही, आजही वाटत नाही. पण दुसऱ्या दिवशी नर्सबाई परत आल्या. मोळीवालीच्या पोटात जेवढं जाई, तेवढं बाहेर पडत होतं, आणि टोल्यावर आणखी माणसं पडली होती. साखरेऐवजी गूळ चालेल, तांदळाची पेजही चालेल, पण मिठाला दुसरं काही नाही. माझी बरणी चार महिन्यांची होती, एका घराच्या चार महिन्यांची. टोल्यावर तर जेवणाचंही मीठ संपलं होतं; सगळ्यांना ती पुरणार नव्हती.

नर्सबाई म्हणाल्या, "चला, त्या कोरपन्यावालीचं दार उघडवतो. पोतं मी डोयानं पाह्यलं."

मी म्हटलं, थांबा. दरडावून दार उघडवलं असतं तर ती "नाही"वरच अडून बसली असती. एकदा नाही म्हटलेलं सगळ्या लाइनीनं ऐकलं होतं. मी रिकामं पातेलं घेतलं आणि एकटीच गेले. क्वार्टरमध्ये वाटीभर उसनं मागायला कुणीही कुणाकडे जाई, आणि उसन्याला कुणी नाही म्हणत नसे.

"माझं मीठ संपत आलं," मी म्हटलं. "उसनं देतेस? रपटा उघडला की परत करते."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. "तुमचं? तुमचं तं बरणीभर होतं."

"टोल्यावर जातंय. आपली मोळीवाली आजारी आहे."

"कोणती मोळीवाली?" मग आवाज बदलला. "पोरवाली?"

"तीच."

"नर्सबाईनं तं नाव नाई घेतलं. एक बाई हाये म्हणे." ती तिथेच खाली बसली. मुलगा तिच्या मांडीवर चढायला लागला. "मले भेव वाटलं जी. याले काई झालं तं मी कुठी जाऊ? नदी अशी भरून. म्हणून नाई म्हटलं."

"पोतं कुठे आहे?"

पोतं आतल्या खोलीत भिंतीशी, थेट जमिनीवर होतं. आणलं होतं त्याच्या निम्मं दिसत होतं. तळातून पाणी झिरपून मोरीपर्यंत ओघळ गेला होता आणि शेणाची जमीन पांढरी झाली होती. तिनं हात घातला, तर ओल्या मिठाचा गोळा आला.

"अगं बाई! हे तं वाहून गेलं सारं!"

"सारं नाही. राहिलंय ते टोल्याला पुष्कळ आहे. चूल पेटव."

ओलं मीठ चिमटीत नीट येत नाही, आणि लहान मुलाला जास्त खारट पाणी गेलं तर घात होतो, हे नर्सबाईंनी बजावलं होतं. म्हणून आम्ही दोघींनी ते मातीच्या मडक्यात घालून चुलीवर कोरडं केलं. एक हलवी, दुसरी मुलांना चुलीपासून लांब ठेवी. धुरानं दोघींचे डोळे लाल. खोलीच्या कोपऱ्यातली साखरेची पिशवी तिनं आपणहून आणून ठेवली. मीठ गरम असतानाच पळसाच्या पानांत बांधलं, वरून मेणकापड.

नर्सबाई बाहेर उभ्याच होत्या. काही बोलायला तोंड उघडत होत्या, मी मान हलवली, तशी त्यांनी मिठाचं गाठोडं उचललं. शेजारणीनं मुलगा माझ्या कडेवर दिला.

"मी बी येतो यांच्यासोबत."

"नाल्याला पाणी आहे," मी म्हटलं.

"नर्सबाई जाते तं मी नाई जाऊ शकत का?"

आणि गेली. मुलगा थोडा वेळ रडला, मग तुमच्या आईनं त्याला माचिसच्या रिकाम्या डब्यांची गाडी करून दिली.

धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दुपारी त्या दोन मुलांना सांभाळताना सुचलं. चैत्रात मी सांगितलेलं मीठ चंद्रपुराहून माझ्यासाठी जास्तीचं आलं होतं. त्यानं कुणाचं कमी झालं नाही. शेजारणीचं मीठ चारोळी घेऊन येणाऱ्या माणसांचं होतं. मीठ तेच, पोतंही तेच. कुणाच्या वाट्यातून आलं, एवढाच फरक. तो मात्र मोठा आहे. पण घाबरलेल्या माणसाला तो दुकानात उभं असताना दिसत नाही, आणि म्हणून मी त्या लोकांना तुसडेपणानं नावं ठेवणार नाही. तुम्हीही ठेवू नका.

शेजारीण परतली तेव्हा ऊन कलत होतं. लुगडं कमरेपर्यंत ओलं. मुलाला घेतलं आणि ओसरीवरच टेकली.

"कशी आहे?"

"पितो म्हणते अन् पितेही. पण कालपासून लघवी नाई झाली. ती झाली तं वाचली समजा, म्हणते नर्सबाई. नर्सबाई तिथीच राह्यल्या." मग दुसरीकडे पाहत म्हणाली, "तिच्या पोराले पाजलं मी. तिले दूध कुठलं? रडून रडून निळं पडून राह्यलं होतं."

"हात धुतलेस?"

"धुतले जी. राखेनं धुतले, मग उकळल्या पाण्यानं धुतले. तुमचं बी ना, बाई!"

पुढचा दिवस असाच गेला. मी शाळेत गेले, पण शिकवण्यात लक्ष नव्हतं. दुपारी शेजारीण पुन्हा मुलाला माझ्याकडे ठेवून टोल्यावर जाऊन आली. या खेपेला लाइनीतल्या आणखी दोघींनी न मागता मीठ-साखरेच्या पुड्या बांधून तिच्या हाती दिल्या.

संध्याकाळी पाऊस थोडा उघडला होता. आम्ही सगळ्या ओसरीवर भाज्या निवडत होतो, कार्यालयातून पुरुष नुकतेच परतत होते. नाल्याकडून नर्सबाई येताना दिसल्या. लांबूनच हात वर करून त्यांनी सगळ्या लाइनीला, पुरुषांसकट, खणखणीत आवाजात ओरडून सांगितलं:

"मुतली वं बायांनो! ती मुतली!"

तुमचे आजोबा आणि कारकून छत्र्या सावरत पटकन घरात शिरले. शेजारणीनं मुलाच्या पोटात तोंड खुपसलं, आणि ती हसते आहे की रडते आहे हे बराच वेळ कळेना.