जाळीखालचा डाव

अन्नावर माश्या बसू नयेत म्हणून छत्रीसारखी उघडते ती जाळी तुमच्याही घरी असेल. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर खेळांचं एक दुकान आहे, तिथं तशा जाळ्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या असतात. नवं गिऱ्हाईक जिना चढून आलं की हमखास विचारतं, "जेवण पण मिळतं का हो?"

जेवण मिळत नाही. कॉफी मिळते, आणि टेबलावर बसून खेळायचे खेळ मिळतात. सापशिडी, कॅरम नाही. पुठ्ठ्याचे मोठे नकाशे, रंगीत सोंगट्या, फाशे, नियमांची जाडजूड पुस्तकं. विकतही घ्या, नाहीतर तिथंच बसून खेळा. यातले काही डाव दुपार खाऊन टाकतात. मध्येच कुणाला उठावं लागलं तर सगळं जागच्या जागी ठेवायचं, वर जाळी उघडून ठेवायची, आणि पुढच्या रविवारी तिथूनच सुरू करायचं. तोवर त्या टेबलाला हात लावायचा नाही. हा त्या दुकानाचा कायदा. दुकानवाला दादा प्रत्येकाला अभिमानानं सांगायचा, "आपल्याकडं जाळीखालचा डाव म्हणजे नैवेद्याचं ताट. देवाआधी कुणी शिवायचं नाही."

आणि पाळायचाही. सिन्नरच्या एका कंपनीतला इंजिनिअर डाव अर्धा टाकून ट्रेनिंगला गेला, तर त्याची जाळी महिनाभर हलली नाही. ऐन दिवाळीच्या सुट्टीत. लेकरंबाळं घेऊन आलेल्या लोकांना दादानं जिन्यात थांबवलं, पण ते टेबल मोकळं केलं नाही. मीही जिन्यात बसले होते. बसून खूश होते. म्हटलं, नाशकात एक जागा तरी आहे जिथं गैरहजर माणसाची जागा राखली जाते.

म्हणूनच मी माझ्या मैत्रिणीला तिथं नेलं.

ती सुरगाण्याच्या बाजूची. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, आदिवासी मुलींच्या सरकारी होस्टेलात राहते. आमची ओळख विद्यार्थी संघटनेतली. होस्टेलच्या पाण्याच्या प्रश्नावर मी पत्रकं लिहायची आणि ती त्यातल्या चुका काढायची. पहिल्याच रविवारी ती ज्या खेळाला बसली त्यात एक जंगल असतं, आणि फाशे टाकत, लाकडी घरं मांडत नदीपर्यंत सलग वस्ती न्यायची असते. जो आधी नदीला पोचला तो जिंकला. तिनं पहिलं घर मांडलं आणि इकडंतिकडं बघितलं.

"झालं? एवढंच?"

"झालं की. जागा तुझी," समोर बसलेले डॉक्टर म्हणाले. दाताचे डॉक्टर, दुकानातले जुने खेळाडू.

"कोण मोजायला नाय येत? फॉरेस्टचा गार्ड नाय येत? माझ्या बाबांचा वनजमिनीचा दावा मी शाळेत असल्यापासून पडून हाय, आणि इथं घर ठेवलं की मंजूर!"

सगळे हसले. डॉक्टर सगळ्यात जोरात. त्या दिवसापासून ती घर मांडताना दरवेळी मोठ्यानं म्हणायची, "दावा मंजूर!" आणि पुढं पुढं दुकानातले बाकीचेही तसंच म्हणायला लागले.

ती चांगली खेळायला लागली. दुकानानं उन्हाळ्यात स्पर्धा लावली, त्यात जिंकत जिंकत ती शेवटच्या डावापर्यंत आली. समोर डॉक्टर आणि त्यांचे दोन मित्र. जिंकेल तो पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला नाशिकतर्फे जाणार. पुण्याला मुक्काम करायचा तर होस्टेलला घरून परवानगी लागते, म्हणून तिनं बाबांना वॉर्डनबाईंना फोन करायला लावला. बाबांना आधी पटेना. "खेळायला पुण्याला? पळायचं हाय का तुला?" तिनं समजावलं, बसून खेळायचं असतं. तेव्हा म्हणाले, "बसून तर मीबी जिंकंन," आणि वॉर्डनबाईंना फोन केला.

शेवटचा डाव आषाढातल्या एका रविवारी लागला. दुकान उघडतं दुपारी, आणि होस्टेलात संध्याकाळी हजेरी असते. हजेरीला नसलं तर आधी नोटीस, मग घरी फोन, मग खोली काढून घ्यायच्या गोष्टी निघतात. दादाला हे सगळं माहीत होतं. साडेपाचला ती उठली तेव्हा नदीपासून तिचं शेवटचं घर बोटभर अंतरावर होतं. कुणीही बघून सांगितलं असतं काय होणार ते. तिनं स्वतः जाळी टाकली, "डाव चालू आहे"ची चिठ्ठी लावली. डॉक्टर म्हणाले, "जा जा, तुझं जंगल आम्ही सांभाळतो."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी जिना चढून गेलो तर टेबल रिकामं. जाळी खिळ्याला. आणि भिंतीवरच्या फळ्यावर विजेता म्हणून डॉक्टरांचं नाव, भोवती रंगीत खडूनं फुलं काढलेली.

मी विचारलं, "हे काय आहे?"

डॉक्टर कॉफी घेऊन बसले होते. म्हणाले, "अगं, आठवडाभर वाट बघितली. आम्हाला वाटलं, भातलावणीचे दिवस, गावी गेली असशील लावणीला."

आणि नेमकं त्याच वेळी काउंटरमागून दादा म्हणाला, "त्याच संध्याकाळी उरकावं लागलं गं, वाढदिवसाचं बुकिंग होतं, टेबल पाहिजे होतं."

दोघंही थांबले. एकमेकांकडं बघितलं. मला हसू आलं असतं, पण माझं डोकं तापलं होतं.

"म्हणजे ती होस्टेलात पोचायच्या आत तुम्ही जाळी उचललीत," मी म्हटलं. "आणि लावणीचं आता सुचलं?"

"आवाज नको चढवू. इथं फॅमिली कस्टमर असतात," दादा म्हणाला.

"आम्ही काय अनाथ आहोत?"

दादा काउंटरमागून बाहेर आला. समजूत घालायचा सूर लावला, जो मला सगळ्यात जास्त चीड आणतो. "हे बघ, तिच्यावर अन्याय केलेला नाही. तिची जागा मोकळी नाही ठेवली. तिच्या वतीनं मी खेळलो. तिचेच फाशे, तिचीच घरं. फाशे वाईट पडले, त्याला कोण काय करणार? दोघींनी आज फ्री खेळा. कॉफी माझ्याकडून."

तिच्या वतीनं! हे तो मेहरबानी केल्यासारखं बोलत होता. इंजिनिअर महिनाभर गायब होता तेव्हा त्याच्या वतीनं खेळायला कुणी पुढं आलं नाही. त्याच्या डावासाठी लोक जिन्यात बसवले. हिचा डाव एका केकसाठी मोडला, कारण इंजिनिअर परत येणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि ही मात्र "गावी गेली असेल". शिकायला आलेली पोर पावसाळा लागला की कामाला जाणार, असं यांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की खोटं बोलायची वेळ आली तेव्हा तोंडातून आपोआप हेच बाहेर पडलं. हिच्या वतीनं बोलणारे, ठरवणारे, सह्या करणारे आधीच कमी नाहीत. आता फाशेसुद्धा हिच्या वतीनं पडणार?

आम्ही कॉफी घेतली नाही.

खाली उतरल्या उतरल्या मी तिला म्हटलं, "पत्रक काढते. बहिष्कार." आणि काढलं. मथळा "आमच्या वतीने". ती होस्टेलच्या पायरीवर बसून वाचत होती, हातात पेन.

"यात मी कुठं हाय?" ती म्हणाली.

"पूर्ण पत्रकच तुझ्यावर आहे."

"'गरीब आदिवासी विद्यार्थिनी' लिहिलंस. ती हाय. मी जिंकत होते ते कुठं लिहिलंस? आणि बहिष्कार कशाला? मी कुठं खेळायची मग, तुझ्या संघटनेच्या ऑफिसात?"

"म्हणजे परत जाणार तू तिथं? त्यांच्या तोंडाकडं बघत?"

"तोंडाकडं कशाला? नकाशाकडं बघणार," ती म्हणाली. "मला माझा डाव पाहिजे. हरले तर हरले, पण माझ्या हातानं."

मला तिचाही राग आला. अजून आहे. पण "गरीब" काढलं, "बहिष्कार" काढला, आणि एकच मागणी ठेवली: शेवटचा डाव पुन्हा लावा आणि जाळीचा कायदा सगळ्यांना सारखा पाळा. गठ्ठा छापला आणि पुढच्या रविवारी जिन्याच्या तोंडाशी उभी राहून वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिला. फॅमिली कस्टमरांच्या हातात तर आधी. एका बाईंनी तिथंच उभ्यानं वाचलं आणि वर जाऊन दादाला विचारलं, "आमची दिवाळीला जिन्यात बसून कंबर मोडली ती कुणाच्या डावापायी हो?" ते मला खालीही ऐकू आलं.

थोड्या वेळानं डॉक्टरच खाली आले. पत्रकाची घडी घालत म्हणाले, "हे एवढं करायची गरज नव्हती. नुसतं सांगितलं असतं तरी लावला असता डाव."

"नुसतं सांगितलं तेव्हा तुम्ही कॉफी पीत होतात," मी म्हटलं.

डाव लागला. नव्यानं, पहिल्या घरापासून, कारण मोडलेला कुणालाच जसाच्या तसा आठवेना. साडेपाचला ती उठली. या वेळी डॉक्टर पुढं होते. त्यांचा एक मित्र म्हणाला, "पाचच मिनिटं बस ना, संपतंय." ती नाही म्हणाली, जाळी उघडली, चिठ्ठी लावली. जाताना दादाला एवढंच विचारलं, "दादा, पुढच्या रविवारी कुणाचा वाढदिवस?"

दादा खाली मान घालून कप पुसत राहिला.

तो आठवडा मी खात होते, झोपत होते, पण मनात ती जाळी. तिला म्हटलं, वर जाऊन बघून येऊ का? म्हणाली, "नाय. बघायला लागत असंल तर काय उपयोग?"

रविवारी जाळी होती. एकही घर हललं नव्हतं. तिनं स्वतः ती उचलली, फाशे टाकले, शेवटपर्यंत झुंजली, आणि हरली. सरळ हरली. डॉक्टर पुण्याला गेले.

दुकानात लोक म्हणायला लागले, झालं ना समाधान, मिटलं ना? काय मिटलं? इंजिनिअरला जे न मागता मिळालं ते हिला मिळायला एक छापील गठ्ठा लागला. आणि त्या मोडलेल्या डावात ती नदीपासून बोटभर लांब होती, ते कुणी परत केलं? फळ्यावर डॉक्टरांचं नाव तसंच राहिलं, फुलांसकट. ती फुलंही कुणी पुसली नाहीत. उरलेली पत्रकं मी अजून बॅगेत ठेवते.

त्या दिवशी जिना उतरताना तिनं बाबांना फोन लावला. स्पीकरवर होता.

"बाबा, हरले. पुण्याला नाय जायचं."

"आधी जिंकत होतीस ना?"

"तो डाव त्यांनी मोडला. हा मी खेळले."

पलीकडं पावसाचा आवाज येत होता. मग बाबा म्हणाले, "बरं. आता पुढचा कधी?"

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली, आणि हजेरीसाठी रिक्षाला हात केला.