साबुदाण्याचं माहेर

वाशीमच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. कोणता शब्द कुठून आला हे पोरांना सांगायचा मला नाद आहे. वर्गात तो खपून जातो, पोरं निदान जागी राहतात. घरात खपत नाही, हे मला गेल्या नवरात्रात कळलं.

आई टायफॉइडमधून नुकतीच उठली होती. बांगड्या पार कोपरापर्यंत सरकायच्या. पोट रिकामं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण घट बसले आणि आईने उपास धरला तो धरलाच. सकाळी साबुदाण्याची उसळ, संध्याकाळी उकडलेला आलू. तिने दोन घास वरण-भात खावा म्हणून मी विनवण्या केल्या, रुसून पाहिलं. शेवटी शहाणपण पाजळलं.

"माय, तुह्या उपासातलं हे काहीच आपलं नाही. आलू, मिरची, साबुदाना, सारं समुद्रापलीकडून आलं. इंग्रजायनं त्याची नावंही तिकडच्या आदिवास्यायकडूनच उचलली. पोटॅटो त्यायचा, चिली त्यायची, साबुदान्याचा टॅपिओकाही त्यायचाच. मंग आपल्या वावरातल्या तुरीच्या वरनानं तुहा उपास काहून मोडते?"

मला वाटलं, जिंकलो. आई उसळीच्या ताटलीकडे बघत बसली.

"खरं सांगून राह्यला का?"

"पुस्तकात हाये."

पुस्तकात खोटं नसतं, हा तिचा पक्का समज. आमच्या रिठद गावाहून मला शिकायला पाठवणारी तीच. तिने ताटली हळूच दूर सरकवली.

"मंग माहा आजवरचा उपास बाटलाच म्हना की. कोनी सांगतलं नाही बापा."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. वरण-भात तर राहिलाच, वर साबुदाणा, आलू, मिरची, सगळं बंद झालं. भगर तिला दुखण्यापासून पचत नव्हती. शेकडो वर्षं झाली, आता ते आपलंच, असं मी समजावून पाहिलं. ती एवढंच म्हणाली, "देवीले फसवू नोको." बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "शिकवा अजून."

उरला दुधासोबत राजगिऱ्याचा लाडू. त्यावरच ती दिवस काढू लागली. त्याच पुस्तकात राजगिऱ्याचं मूळही तिकडचंच दिलं आहे. मी ते पुस्तक कॉलेजात नेऊन ठेवलं. दुधाचा पेला आणि लाडू तिच्यापुढे ठेवायचा, एवढंच माझ्या हाती होतं. इतका लाचार मी कधी झालो नव्हतो.

अष्टमीला तिला उठून बसवेना. मी पाठीला उशी दिली, हातात लाडू ठेवला. तिने तो तोंडापर्यंत नेला आणि थांबली.

"हा तं आपलाच हाये ना?"

"हो माय. आपलाच."

"पुस्तकात हाये?"

"पुस्तकात हाये," मी म्हणालो. तिने लाडू कपाळाला लावला आणि खाऊ लागली.