गुरगुरते तवरी बरं

कुत्र्याच्या मनातलं वळखणारा माणूस पुऱ्या भंडारा जिल्ह्यात एकच हाये आन् तो माहा चुलतसासरा. सारं शहापूर त्याईले येडा म्हणते. म्हणू द्या. माह्यासमोर मातर कोनी म्हणून पाहा, मंग सातवी शिकलेल्या बाईले किती बोलता येते ते तुमाले कळन.

आमी त्याईले काकाजी म्हणतो. त्याईच्या वट्यावर सकाळपासून लोकं. कोनाचा कुत्रा चपला चावते, कोनाचा हायवेवर मोटरसायकलीच्या मांगं धावते, आन् काकाजी कुत्र्याकडं पाहतच नाईत, मालकालेच विचारतात, तू काय करते? चपलावाल्या बाईनं सांगतलं का त्यानं चप्पल उचलली का आमी सारे त्याच्या मांगं धावतो. मंग तुह्या घरी रोज खेळ चालते, तो काहून सोडन, म्हणाले. एकाच्या कुत्र्यानं धानाच्या पऱ्ह्यात, रोपाच्या वाफ्यात, खड्डे केले, तो काठी घेऊनच आला, तं काकाजींनं त्यालेच भर उन्हात टिनाखाली बसवलं, घाम निघेपर्यंत, आन् विचारलं, आता थंड्या चिखलात लोळावं वाटते का नाई? लिंबाखाली खड्डा करून त्यात पानी टाक, तो पऱ्ह्यात जानार नाई.

हद्द तं तवा झाली जवा मागच्या घरचा कुत्रा दुपारभर भुके. काकाजींनं त्याले सोडून आमच्या वट्यावर आणलं आन् सोता त्याच्या जागी, फाटकाजवळ, कमरेले दोरी बांधून बसले. आत्याबाईनं, म्हणजे माह्या सासूनं, लाजेनं तोंडावर पदरच घेतला. लोकं गमतीनं त्याईलेबी हाड हाड करत, तं दोन घंट्यानं काकाजी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर वरडून रायले. "जो तो हाड म्हणते, जो तो गोटा उचलते. मी माणूस हावो तरी भुकलो, तं त्याचं काय चुकलं?" कुत्रा मागच्या अंगणात बांधला आन् त्याचं भुकणं थांबलं. येडा म्हणे.

आता माहं सांगते. लहानपणी कुत्र्यानं माही पोटरी फाडली व्हती, तवापासून कुत्रा दिसला का मी वाट बदले. लगन होऊन आली तं घरीच कुत्रा, कालू. आन् माहा बाबू दोन वर्साचा, एक दिवस दुडुदुडु चालत कालूच्या जेवणाच्या भगोन्याजवळ गेला, हात घातला, कालू गुरगुरला. मी काठीच घेतली. मंग तो जवा जवा गुरगुरे तवा तवा मी मारे. बाबूचे बाबा म्हणाले, आयतवारी दोस्ताईले घेतो आन् बोऱ्यात भरून कारध्याच्या पुलापल्याड सोडून देतो. मी म्हटलं, आयतवार कायले, आजच न्या.

हे आयकून काकाजी आले. आवाज चढवला नाई, पन डोळे असे का मी बाबूले पोटाशी धरलं.

"सूनबाई, गुरगुरते तवरी बरं हाये. तो सांगून रायला, सरक बापा, मले भेव लागते. तू मारून त्याचं सांगणंच बंद केलं तं उद्या तो न सांगता चावन. बाबूलेच चावन."

काय करू म्हटलं. म्हणाले, कालू जेवते तवा बाबू दाराच्या आत, कडी लावून. आन् तू दुरून त्याच्याकडं अंड्याचा तुकडा टाकायचा आन् मांगं फिरायचं. त्याले कळलं पायजे का माणूस आला तं काई जात नाई, उलट भेटते. तो निवांत असन तरच एक पाऊल पुढं. आयतवारपर्यंत मले दे.

पहिल्या दिवशी मी इतकी थरथरत व्हती का अंडं कालूच्या पाठीवर बसलं आन् तो बैलबंडीखाली पळाला. काकाजी हासता हासता खोकले, म्हणाले, तुह्याहून त्यालेच जास्त भेव. शनवारी मी चार हातावर गेली तं कालूनं भगोन्यातून तोंड वर काढलं आन् शेपूट हालवलं. मी तिथंच बसली आन् रडली.

आयतवारी बाबूचे बाबा दोन दोस्त आन् बोरा घेऊन आले. मी दारात उभी. तूच तं न्या म्हटलं व्हतं, म्हणाले.

"म्हटलं व्हतं. तवा मले समजत नव्हतं. आता सांगून रायली, तो इथंच राहीन. बोऱ्यात धान भरा."

घरातून आत्याबाई म्हणाली, सासरा आन् सून दोघंबी येडे झाले. मी म्हटलं, हो झालो. आन् दारातून हालली नाई.

कालू हाये. अजूनबी तो जेवते तवा दाराले कडी असते. यंदा काकाजीचे गुडघे गेले तं त्याईच्या पोरीनं त्याईले साकोलीले नेलं, तिसऱ्या माळ्यावर. संध्याकाळी फोन येते. पहिले कालू, मंग बाबू, मंग आमी. परवा मातर उलटंच झालं. जल्मभर लोकाईले सांगणारा माणूस, तो मले विचारते, "सूनबाई, इथं खाली एक कुत्री बसते. मी गॅलरीतून रोज हाक मारतो, ते वरतं पाहतच नाई. काहून पाहत नसन?"

मी म्हटलं, "काकाजी, ते तुमाले अजून वळखत नाई."

"होय," म्हणाले. "तसंच असन."