खाजणातली पाहुणी पाखरं

ये गं, अशी जवळ बैस. दारातूनच "बरी आहेस ना आजी" विचारून पळतेस, ही काय पद्धत झाली? आज पाखरांचं सांगते, ते ऐकून मग जा.

एक्कावन्न-बावन्न साल असेल. माघात माझं लग्न झालं आणि मी डोंबिवलीत आले. आमच्या आळीत शाळेचे एक मास्तर होते, त्यांना पक्ष्यांचं वेड. चैत्रात एका रविवारी पहाटे ते आम्हा सात-आठजणांना खाडीकाठच्या खाजणात घेऊन निघाले. आमचे हे होते, मी होते, आणि ह्यांच्या विधवा आत्याबाई. मास्तर म्हणाले, "थंडीतले पाहुणे आज-उद्या हिमालयापलीकडे निघतील. आज हुकलं की वर्षभर नाही."

बांधावर पोचलो आणि मी पदर सारखा केला. कोपरापर्यंत हिरवा चुडा माझा! खळ्‌कन आवाज झाला आणि जवळचे चार बगळे उडाले.

"वहिनींच्या हातात बांगड्या आहेत की शाळेची घंटा?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मास्तर चाचरत म्हणाले, "जरा काढून ठेवता येतील का?" नव्या नवरीनं चुडा काढायचा? हे गोरेमोरे झाले. रुमाल गुंडाळून पाहिला, तर तो एका हातालाही पुरेना. शेवटी हे म्हणाले, "तू इथेच थांब." माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात आत्याबाई पुढे आल्या. "आण ते हात इकडे."

मी हात मागे घेतले. नवरीच्या चुड्याला विधवेनं हात लावायचा नाही, हे घरात मला कुणी सांगायची गरज पडली नव्हती. त्या स्वतःच लांब राहायच्या.

"घाबरतेस? अगं, तुझ्या नवऱ्याला पायांवर घेऊन न्हाऊ घातलंय मी. त्याच्या वाइटावर असेन होय?"

मी हात पुढे केले. माझ्या दोन्ही हातांतल्या बांगड्या आपल्या मुठींत गच्च आवळून आत्याबाई बांधावरून खेकड्यासारख्या आडव्या चालू लागल्या, आणि मी त्यांच्यासमोर तशीच. तिवरांच्या झुडपांआड जाऊन बसलो.

समोर नुसता ओला चिखल, त्यावर ढेकळं. मी म्हटलं, पाखरं कुठायत? तोच ढेकळं चालायला लागली! आणि मग, काय सांगू बाई, अख्खा चिखल उठून आभाळात गेला. हजारो पाखरं, पण वळणं एकच. इकडे वळली की काळी, तिकडे वळली की चांदीसारखी लखलख, आणि मधेच एक क्षण काहीच नाही, रिकामं आभाळ. पंखांचा वारा तोंडावर आला. मास्तरसुद्धा दुर्बीण विसरले.

"एवढ्याशा जिवांना वाट कोण दाखवतं गं?" आत्याबाई पुटपुटल्या. पाखरं उत्तरेला दिसेनाशी झाली तरी त्यांनी माझे हात सोडले नव्हते.

पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बाहेर बायका जमल्या होत्या, आत्याबाई मागच्या खोलीत एकट्या कैरीची डाळ कालवत होत्या. मी पन्ह्याचे दोन पेले घेऊन आत गेले आणि त्यांच्या शेजारी फतकल मारून बसले. सासूबाईंनी दोनदा हाक मारली. "आलेच" म्हटलं, पण उठले नाही. आमचं बोलणं हिमालयापर्यंत पोचलं होतं.

बरं, नीघ आता. पण लवकर ये गं, चैत्र संपायच्या आत. मुक्कामाला ये, म्हणजे पहाटे खाडीवर जाता येईल.